अप्पासाहेब की गणपतराव? पात्राची नोंद कुठल्या नावानं करायची

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही हिंगोली जिल्ह्यात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहात, मराठी विकिपीडियासाठी 'नटसम्राट' नाटकातल्या मुख्य पात्रावर लेख लिहायलात आणि गाडी अडली ती शीर्षकावरच. तुम्ही 'अप्पासाहेब बेलवलकर' ठेवलं, सर म्हणाले ज्ञानकोशात खरं नाव लागतं म्हणून 'गणपतराव बेलवलकर' कर, आणि मैत्रीण म्हणायली लोक नुसतं नटसम्राटच म्हणतात तर तेच ठेव की. आता तिघांपैकी बरोबर कोण, असं तुम्ही विचारलंय.

मी अंबाजोगाईच्या बाजूला एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होतो, तीसेक वर्षं, आणि रिटायर झाल्यापासून विकिपीडियावर नोंदी लिहितो नि दुसऱ्यांच्या तपासतो. नावाचे वाद लई बघितले. त्यातून एवढं सांगतो की तुम्ही तिघं तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं द्यायलात. सर सांगायलेत त्या माणसाचं पाळण्यातलं नाव काय, मैत्रीण सांगायलीय लोकांच्या तोंडात काय आहे, आणि तुम्ही सांगायलात नाटकात त्याला कोण म्हणून ओळखतात. शीर्षकाचं काम यापेक्षा साधं आहे. वाचक कुठलं नाव डोक्यात घेऊन येणार आणि त्या नावानं तो बरोबर पानावर पोचणार का, एवढंच बघायचं असतं.

हे मला नोकरीच्या सुरुवातीला कळत नव्हतं. पोरं वाचनालयात आली की पुस्तकाचं नाव सांगत नाहीत, लेखकाचं तर नाहीच नाही, पात्राचं सांगतात. "फाफेचं द्या" (म्हणजे फास्टर फेणेचं), "बोक्याचं द्या", असं. म्हणून मी एक वही केली, पात्राचं नाव, त्याच्यापुढं पुस्तकं आणि कपाटाचा नंबर. आता आमच्या ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं की नोंद आडनावापासून करायची आणि पूर्ण खऱ्या नावानं करायची, मराठी विश्वकोशातही व्यक्तींच्या नोंदी आडनावापासूनच आहेत, तर मी इमानदारीनं लिहिलं 'फेणे, बनेश' आणि 'सातबंडे, चिन्मयानंद'. बोक्या सातबंडेचं खरं नाव चिन्मयानंद आहे आणि फास्टर फेणेचं बनेश, त्यामुळं माझं काहीच चुकलेलं नव्हतं. सहावीतली एक पोरगी आली, तिनं 'ब' काढला, वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं, बोक्या सापडला नाही आणि ती "नाही वाटतं तुमच्याकडं" म्हणून निघून गेली. पुस्तक तिच्या पाठीमागच्या कपाटात होतं. मी त्यावेळी टेबलावर नव्हतो, नंतर शिपायानं सांगितलं. ती परत आली नाही. मला ते आजही लागतं.

डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला चौथा आहे, वाचकाचा वेळ वाचवा. मी तो परीक्षेत लिहून मार्क घेतले होते, पण वहीत नेमकं उलटं केलं होतं. मग सगळी वही परत लिहिली. 'ब' मध्ये बोक्या सातबंडे, आणि 'च' मध्ये चिन्मयानंद लिहून पुढं फक्त "पाहा: बोक्या सातबंडे". कार्ड कॅटलॉगमध्ये आम्ही ह्याला 'पाहा' कार्ड म्हणायचो. विकिपीडियावर त्यालाच पुनर्निर्देशन म्हणतात, काम तेच. मुख्य नोंद एकाच नावाखाली आणि बाकी जेवढी नावं असतील तेवढी पुनर्निर्देशनं. एवढं कळलं की निम्मं भांडण तिथंच मिटतं, कारण कुठलंच नाव फेकून द्यावं लागत नाही.

आता सरांच्या 'खरं नाव' या मुद्द्याकडं येतो, कारण हा मुद्दा प्रत्येक वेळी निघतो आणि मांडणारा माणूस अभ्यासूच असतो.

तुमच्या माझ्या बाबतीत खरं नाव म्हणजे काय ते सांगता येतं. जन्माचा दाखला आहे, टीसी आहे, आधार आहे. पात्राचा दाखला कुठल्या ग्रामपंचायतीत काढणार? बनेश हे नाव भा. रा. भागवतांनीच दिलं आणि फास्टर हेही त्यांनीच दिलं, मग त्यातलं एक खरं आणि दुसरं खोटं कसं? गोष्टीच्या आत राहणाऱ्या लोकांसाठी बनेश हे कागदावरचं नाव आहे, बरोबर, पण कोशकार गोष्टीच्या आत राहत नाही, तो बाहेर उभा राहून वाचकाला सांगत असतो की असं असं एक पात्र आहे, अमुक लेखकानं लिहिलं, अमुक साली आलं. बाहेरून बघताना दोन्ही नावं लेखकाचीच, फक्त एकाचा वापर जास्त आणि दुसऱ्याचा कमी.

पु. ल. देशपांड्यांच्या अंतू बर्वाचं घ्या. आडनाव सरळ लिहिलं तर बर्वे होईल, अंतूचा अनंत करता येईल, आणि 'अनंत बर्वे' अशी एकदम स्वच्छ नोंद तयार होईल जी कुणीही शोधणार नाही. शिवाय त्या 'बर्वा'मध्ये रत्नागिरीची अख्खी आळी बोलते, ती आपण पुसून टाकणार. लेखकानं प्रकरणाला नाव दिलं 'अंतू बर्वा', विषय संपला. आणि कृपा करून 'बर्वा, अंतू' पण करू नका, आडनाव आधी ही पद्धत खऱ्या माणसांच्या मोठ्या याद्यांसाठी ठीक आहे, पात्राचं नाव एकसंध असतं, ते तोडलं की पात्रच ओळखू येत नाही.

आणि खऱ्या माणसांच्या बाबतीत तरी आपण दाखला कुठं बघतो. मराठी विकिपीडियावर लेख 'बाबासाहेब आंबेडकर' या नावानं आहे, भीमराव रामजी हे पूर्ण नाव पहिल्याच ओळीत येतं. आपल्या मराठवाडा विद्यापीठाला १४ जानेवारी १९९४ ला नाव मिळालं तेही डॉ. बाबासाहेब आंबेडकर असंच मिळालं. म्हणजे 'साहेब' हे आदराचं जोडनाव आहे म्हणून शीर्षकात नको, हा मुद्दा सरांनी काढला तर त्याचंही उत्तर इथं आहे. श्री, माननीय, ह.भ.प. हे गाळायचं, कारण ते नावाला बाहेरून चिकटवलेलं असतं. पण जिथं जोडनाव नावातच मुरलेलं आहे आणि ते काढल्यावर माणूस ओळखू येत नाही तिथं ते ठेवायचं.

मग ठरवायचं कसं. इंग्रजी विकिपीडियानं शीर्षकासाठी पाच कसोट्या सांगितल्यात, नाव ओळखीचं असावं, सहज सुचणारं असावं, नेमकं असावं, आटोपशीर असावं आणि तशाच इतर लेखांशी सुसंगत असावं. ह्या पाचही एकाच नावाला कधी लागत नाहीत, ओढाताण होतेच. माझा स्वतःचा क्रम असा की आधी ओळखीचं आणि मग नेमकं, बाकीचं त्यानंतर.

ह्याच क्रमानं मैत्रिणीचं 'नटसम्राट' बघू. ओळखीचं आहे, पण नेमकं नाही. नटसम्राट म्हटलं की वि. वा. शिरवाडकरांचं १९७० चं नाटकही येतं, २०१६ चा सिनेमाही येतो, आणि खऱ्या नटांनाही लोक ही पदवी लावतात. नाटकाच्या लेखाचं शीर्षक पात्राला दिलं तर दोघांची गाठ पडणार आणि मग कंसात '(पात्र)' लिहावं लागणार. कंस हा शेवटचा उपाय. ना. धों. ताम्हनकरांच्या 'गोट्या'ला पुस्तक नि पात्र एकाच नावाचं असल्यामुळं तिथं इलाज नाही, इथं आहे.

राहिले गणपतराव आणि अप्पासाहेब. खरं सांगतो, फास्टर फेणेसारखं हे सोपं नाही, कारण दोन्ही नावं चालतात. कुणी 'गणपतराव बेलवलकर' लिहितं, कुणी 'अप्पासाहेब', कुणी नुसतं 'अप्पा बेलवलकर'. एकच नाव सगळ्यांच्या तोंडी असतं तर तुम्हाला प्रश्नच पडला नसता. अशा वेळी मी काय करतो ते सांगतो. त्या पात्राबद्दल दुसऱ्यांनी लिहिलेलं दहा-वीस ठिकाणचं साहित्य घ्यायचं, नाट्यसमीक्षा, पाठ्यपुस्तकातले उतारे, ती भूमिका केलेल्या नटांवरचे लेख, आणि प्रत्येकात पहिल्यांदा कुठलं नाव येतं आणि पुढं लेखभर कुठलं चालतं ते कागदावर दोन रकाने करून मांडायचं. पहिल्यांदा आलेलं नाव बऱ्याचदा औपचारिक असतं, 'गणपतराव बेलवलकर या निवृत्त नटाची ही कहाणी' असं, आणि दुसऱ्या परिच्छेदापासून लेखक आपोआप 'अप्पा' वर येतो. मी पुढं चालणाऱ्या नावाला जास्त वजन देतो, कारण ते लेखकाच्या सवयीचं असतं, मुद्दाम घातलेलं नसतं. गुगलवर किती रिझल्ट आले तो आकडा मात्र धरू नका, तो आकडा भरवशाचा नसतो आणि एकाच लेखाच्या पन्नास नकला पन्नास वेळा मोजल्या जातात.

दुसरं म्हणजे कान उघडे ठेवायचे. आपल्याकडं कुठल्याही शाळेच्या नाहीतर कॉलेजच्या स्नेहसंमेलनात एखादा पोरगा शाल पांघरून, काठी घेऊन स्वगत म्हणायला उभा राहतोच. मी असल्या कार्यक्रमांना पाहुणा म्हणून पुष्कळ गेलोय, आणि निवेदन करणारी मुलं "आता ऐकूया अप्पासाहेब बेलवलकरांचं स्वगत" असंच म्हणतात, गणपतराव म्हणलेलं मला तरी आठवत नाही. हा काही पुरावा म्हणून लेखात देता येणार नाही, पण वाचक कुठलं नाव घेऊन येणार ह्याचा अंदाज येतो.

म्हणून माझं मत, शीर्षक 'अप्पासाहेब बेलवलकर' ठेवा. पहिली ओळ "गणपतराव बेलवलकर ऊर्फ अप्पासाहेब हे वि. वा. शिरवाडकर यांच्या नटसम्राट या नाटकातील मुख्य पात्र आहे" अशी घ्या, म्हणजे सरांचं नावही पहिल्या ओळीत ठळक येतं. पण तुम्ही दोन रकाने करून मांडलं आणि गणपतराव खूप पुढं निघालं तर मी माझं मत बदलीन. माझा कान मराठवाड्याचा आहे, पुण्या-मुंबईच्या नाट्यसमीक्षेत वेगळं चित्र दिसू शकतं.

एक गोष्ट मात्र आधीच पक्की करा, लेख नेमका कशावर आहे. डॉ. श्रीराम लागूंनी रंगभूमीवर उभा केलेला नाटकातला बेलवलकर, की नाना पाटेकरांचा सिनेमातला, की दोन्ही मिळून? मुख्य पात्राचं नाव दोन्हीकडं तेच राहिल्यानं तुमची सुटका झाली, पण त्याच्या मुलीचं बघा, नाटकात ती नलू आहे आणि सिनेमात विद्या. मुलीवर कधी लिहिलंत तर मूळ कृतीतलं नाव मुख्य धरायचं आणि सिनेमातलं पुनर्निर्देशन. मूळ कृती आधी, हा माझा साधारण नियम. सिनेमाच एवढा पसरला की मूळ नाव कुणालाच माहीत नाही असं झालं तरच तो मोडतो. आणि बायकोचं, तिला तो 'सरकार' म्हणतो, प्रेक्षकांच्या कानात तेच बसलंय, तरी नोंद कावेरी याच नावानं करायची. का, तर सरकार ही फक्त त्याची हाक आहे, जगासाठी ती कावेरीच आहे. एकाच माणसाच्या तोंडची हाक आणि सगळ्यांनी धरलेलं नाव ह्यात फरक करावा लागतो. आपल्या घरातही आजोबा आजीला "अगं ए" म्हणतात म्हणून गावानं तिला तसं ओळखलेलं नसतं.

तुमच्या प्रश्नाच्या शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय की पुढं मुलांच्या कार्टूनमधल्या पात्रांवर लिहायचा विचार आहे. तिथं हा विषय खरा अवघड होतो, म्हणून थोडं लिहितो.

माझा नातू परभणीला असतो, त्याला शिनचॅनच्या घरातले सगळे पाठ आहेत. आईचं नाव मित्सी, बापाचं हॅरी. ही नावं हिंदी डबिंगमधली, २००६ पासून ते हंगामा टीव्हीवर हिंदीत लागायला लागलं तेव्हापासून आपल्या पोरांच्या कानावर पडलेली. मूळ जपानीत आई आहे मिसाए आणि बाप हिरोशी, पोराचं पूर्ण नाव शिन्नोसुके नोहारा. आता मराठी ज्ञानकोशात आईला काय म्हणायचं? मूळ कृती आधी हा माझाच नियम लावला तर मिसाए, आणि वाचकाचा वेळ वाचवा हा नियम लावला तर मित्सी. मी बरीच वर्षं मिसाएच्या बाजूनं होतो. मग नातवाला लेख वाचून दाखवला तर तो म्हणला, "आजोबा, ही कोण नवीन बाई?" तेव्हापासून मी अशा ठिकाणी इथल्या वाचकाच्या कानातलं नाव पुढं आणि मूळ नाव लगेच त्याला चिकटून असं लिहितो, 'मित्सी, मूळ जपानीत मिसाए नोहारा'. माझ्याइतकीच वर्षं काम केलेले काही जण याच्या उलट करतात. त्यांचं म्हणणं असं की डबिंगची नावं देशागणिक बदलतात. ते खरंय, डोरेमॉनच्या अमेरिकेत २०१४ ला आलेल्या आवृत्तीत नोबिताचा नोबी झाला आणि जायनचा बिग जी. त्यांचा मुद्दा मी खोडत नाही. फक्त आपण अमेरिकेसाठी लिहीत नाही, आणि आपल्याकडं त्या बाईचं एकच नाव रुजलंय. ज्या दिवशी दोन नावं सारखीच रुजतील त्या दिवशी मी मूळ जपानी नाव धरीन.

ह्यातच स्पेलिंगचं एक सांगून ठेवतो. माहिती हिंदी पानावरून घेतली की 'हैरी', 'शिनचैन' असं मात्रेसकट येतं. हिंदीत त्या दोन मात्रा 'ॲ'च्या जवळ वाचतात, मराठीत त्या 'पैसा'मधल्यासारख्या वाचतात, त्यामुळं आपल्याकडं हॅरी, शिनचॅन असंच लिहायचं. हिंदी स्पेलिंगचं पुनर्निर्देशन ठेवलं तरी चालतं, शोधणारी पोरं दोन्ही टाइप करतात.

ज्या पात्राची ओळख गोष्टीत शेवटी उघड होते त्याचं काय, असंही पुढं विचारलं जाईल. 'स्टार वॉर्स' या इंग्रजी चित्रपटमालिकेतला डार्थ व्हेडर म्हणजेच अनाकिन स्कायवॉकर, हे सगळ्यात माहीत असलेलं उदाहरण. इंग्रजी विकिपीडियावर लेख डार्थ व्हेडर नावानं आहे आणि फक्त त्याच चित्रपटमालिकेला वाहिलेल्या चाहत्यांच्या कोशात अनाकिन नावानं आहे. मला दोन्ही बरोबर वाटतात. सर्वसाधारण कोशात येणारा माणूस काळा मुखवटा बघून आलेला असतो, आणि चाहत्यांच्या कोशात येणाऱ्याला त्या माणसाचं लहानपणापासूनचं आयुष्य सलग वाचायचं असतं. म्हणजे कोश कुणासाठी आहे त्यावरही नाव ठरतं. रहस्य फुटतं म्हणून ओळख लपवायची नाही, पण शीर्षकातच फोडायचीही गरज नाही, ती कथानकाच्या भागात येऊ द्या.

पुराणातल्या व्यक्तींना मी ह्या चर्चेत धरत नाही, त्यांच्याकडं लोक काल्पनिक पात्र म्हणून बघत नाहीत आणि आपणही तसं लिहू नये. पण नावांची शिस्त शिकायची असेल तर सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांचा प्राचीन चरित्रकोश जरूर चाळा. एकाच नावाच्या अनेक व्यक्ती एका नावाखाली आकडे घालून कशा वेगळ्या केल्यात ते बघण्यासारखं आहे. भीष्माला देवव्रत म्हणून शोधणारा वाचक विरळा, हे जुन्या कोशकारांना आपल्याआधी कळलेलं होतं.

आत्मकथनात्मक पुस्तकांत जरा जपून. 'श्यामची आई' मधला श्याम म्हणजे बऱ्याच अंशी स्वतः साने गुरुजी आणि ती आई म्हणजे त्यांची आई यशोदाबाई, तरी पुस्तकातल्या पात्राची नोंद आणि खऱ्या माणसाची नोंद एकमेकांत मिसळू नका, नाहीतर पुस्तकात लिहिलेलं सगळंच चरित्रातली वस्तुस्थिती म्हणून वाचलं जातं. पुस्तकातल्या आईचा उल्लेख 'श्यामची आई' असाच, आणि यशोदाबाई साने हे नाव चरित्रात.

सरांशी वाद घालू नका, त्यांच्यासमोर तो दोन रकान्यांचा कागद ठेवा. मी बघितलंय की 'खरं नाव' म्हणणाऱ्या माणसाला मुळात काळजी असते ती माहिती हरवू नये ह्याची, आणि ती काळजी रास्त आहे. पहिल्या ओळीत गणपतराव ठळक दिसलं आणि शोधखिडकीत गणपतराव टाकल्यावर हाच लेख उघडला की त्यांचं समाधान होईल. तरी नाहीच झालं तर लेखाच्या चर्चा पानावर दोन्ही बाजू लिहून ठेवा आणि आठवडाभर थांबा. शीर्षक आज इकडं उद्या तिकडं असं हलवत बसू नका, प्रत्येक स्थानांतरणात जुन्या दुव्यांचा गुंता होतो आणि नंतर येणाऱ्याला तो सोडवत बसावं लागतं.

लेख सेव्ह केल्यावर लगेच ही पुनर्निर्देशनं करून टाका, गणपतराव बेलवलकर, गणपत बेलवलकर, अप्पा बेलवलकर, आप्पा बेलवलकर आणि आप्पासाहेब बेलवलकर, कारण अप्पाचा 'अ' निम्मे लोक काना देऊन लिहितात. लेखातलं स्पेलिंग नाटकाच्या छापील प्रतीतली पात्रांची यादी बघूनच घ्या, तालुक्याच्या वाचनालयात प्रत मिळेल. पाच पुनर्निर्देशनांना पाच मिनिटं लागतात. अडलं तर मला लेखाचा दुवा पाठवा, मी रात्री जेवणं झाल्यावर बसतो तेव्हा बघून देईन.